इटालियन ग्रेहाउंड आणायचाय? आधी घर तयार करा

इटालियन ग्रेहाउंड पहिल्यांदा पाहणारे हमखास विचारतात, "याला खायला घालता की नाही?" फासळ्या मोजता येतात, पाय बोरूसारखे, पोट आत खपाटीला गेलेलं. वजन जेमतेम पाच किलो, खांद्यापाशी उंची 32 ते 38 सेंटिमीटर. हा काडीपैलवान असाच असतो, त्याला जास्तीचं खाऊ घालून गुबगुबीत करायला जाऊ नका. खरी फसगत वेगळीच होते. आकार बघून आपण त्याला मांडीवरचं कुत्रं समजतो. मांडी त्याला आवडतेच, पण रक्त शिकाऱ्याचं आहे. वास घेत माग काढण्यापेक्षा डोळ्यांनी हेरून झेप घेणारा, म्हणजे साइटहाउंड. आपले कारवानी आणि मुधोळ याच धाटणीचे, फक्त अंगापिंडाने थोरले.

इटलीत ही जात रेनेसाँच्या, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनाच्या काळात सरदार-दरकदारांच्या घरी फोफावली आणि तिथून युरोपभरच्या दरबारांत गेली. 1617 सालच्या एका चित्रात इंग्लंडची राणी, डेन्मार्कची ॲन, हिच्या पायाशी हे कुत्रे घोटाळताना दिसतात. पण सगळ्यात वेडा भक्त प्रशियाचा, म्हणजे आजच्या जर्मनीतल्या एका राज्याचा राजा दुसरा फ्रेडरिक. पॉट्सडामच्या सांसूसी महालाच्या बागेतल्या ओट्यावर त्याने आपले कुत्रे पुरले आणि मलाही इथेच ठेवा, असं सांगून ठेवलं. 1786 मध्ये तो गेला, तेव्हा पुतण्याने त्याला चर्चमध्ये, बापाच्या शेजारी पुरलं. ज्या बापाशी आयुष्यभर पटलं नाही, त्याच्या! राजाची इच्छा पुरी व्हायला 17 ऑगस्ट 1991 उजाडावा लागला.

आता आपल्या घराकडे वळू.

पिल्लू यायच्या आधी

सर्वांत मोठा धोका पुढच्या पायांच्या हाडांना. लांब, बारीक हाडं, त्यांच्याभोवती मांस नावालाच, आणि पिल्लाला मात्र वाटतं आपण उडू शकतो. सोफ्यावरून किंवा कडेवरून मारलेली एक उडी पाय मोडायला पुरते. पहिलं दीड वर्ष डोळ्यांत तेल घालून सांभाळा. गुळगुळीत फरशीवर जाड सतरंज्या किंवा रबरी मॅट टाका, सोफ्याला आणि पलंगाला पायरी लावा, बाल्कनीच्या गजांमधलं अंतर तपासा. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि अंगाशी घट्ट धरून. लहान मुलांनी उभ्याने उचलायचंच नाही. बसून मांडीवर घ्यायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून.

पट्टा

याची मान डोक्यापेक्षा फारशी बारीक नसते. साधा पट्टा घातलात आणि त्याने मागे हिसका दिला, की पट्टा तुमच्या हातात आणि कुत्रा रस्त्यावर. ओढल्यावर ठरावीक मापापर्यंतच आवळणारा रुंद मार्टिंगेल पट्टा घ्या, नाहीतर नीट बसणारा हार्नेस. कुंपण नसलेल्या जागी मोकळं कधीही सोडू नका. "आमचा ऐकतो हो" म्हणणारे पुष्कळ भेटतात. खार दिसेपर्यंत ऐकतो. एकदा नजर भक्ष्यावर खिळली की हाक कानात शिरत नाही, आणि ताशी 40 किलोमीटरच्या घरातल्या वेगापुढे तुमच्या चपलांचा काय पाड!

शी-शू

इथे धीराचं काम. ही जात या बाबतीत वेळ घेते, आणि पावसात तर दाराबाहेर पाऊल टाकायलाही नकार देते. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्या, काम झालं की तिथल्या तिथे खाऊ द्या. पावसाळ्यासाठी बाल्कनीत किंवा न्हाणीघरात एक ट्रे कायमचा ठेवलेला बरा. ओरडू नका. हा कुत्रा मनाने फार हळवा आहे. रागावलात तर तुमच्या नकळत पलंगामागे जाऊन उरकायला शिकेल, बाकी काही शिकणार नाही.

दात

लोक केसांची काळजी करतात, जिथे आठवड्यातून एकदा ओलं फडकं फिरवलं तरी भागतं. करायची ती दातांची. छोट्या जबड्यात दाटीने बसलेल्या दातांवर किटण झपाट्याने चढतं, हिरड्या सुजतात, दात गळतात. ब्रश रोज. पेस्ट कुत्र्यांचीच, आपली नको. डॉक्टरांकडून दात साफ करून घ्यायची वेळ आली, तर भूल देण्याआधी हा साइटहाउंड आहे याची आठवण जरूर करून द्या. अंगात चरबी कमी असल्याने काही जुन्या प्रकारच्या भुलीतून हे कुत्रे फार उशिरा शुद्धीवर येतात.

थंडी आणि सोबत

चरबी नाही, केस आखूड, कातडी पातळ. पुण्या-नाशिकच्या हिवाळी पहाटे स्वेटर हवाच, एसीच्या खोलीतसुद्धा पांघरूण हवं. उन्हाळ्यात फिरणं सकाळी लवकर, डांबर तापण्याआधी. नखं वाढू देऊ नका, पळताना अडकतात.

सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास फिरवलं आणि मधूनच कुंपणाच्या आत मनसोक्त धावू दिलं, की उरलेला दिवस तो तुम्हाला चिकटून झोपतो. दिवसभर घर रिकामं असेल तर मात्र हा कुत्रा आणू नका. एकटेपणाने कुढतो, दारं ओरबाडतो.

आणि एक सवय घरातल्या सगळ्यांना लावा. गोधडीखाली शिरून सपाट होणं हा याचा आवडता उद्योग. पाहुण्यांना "बसा" म्हणण्याआधी सोफ्यावरची गोधडी हाताने चाचपून बघा.