ऑब्स्टिनेट म्हणजे जिद्दी नाही हो!

भाचीने परवा बायोडेटा बघायला पाठवला, त्यात स्वतःबद्दल लिहिलेलं 'आय अ‍ॅम ऑब्स्टिनेट'. म्हटलं अगं हे काय, तर म्हणे मामा डिक्शनरीत जिद्दी असाच अर्थ दिलाय. दिलाय खरा, पण ती हिंदी डिक्शनरी होती. हिंदीतला जिद्दी म्हणजे हट्टी, आपल्याकडे जिद्दी म्हटलं की कौतुक, सगळा घोळ तिथेच.

तर ऑब्स्टिनेट म्हणजे हेकट, हेकेखोर. एमपीएससीला तीनदा आपटून चौथ्यांदा फॉर्म भरणारा पोरगा ऑब्स्टिनेट नाही, तो डिटरमाइंड किंवा पर्सिस्टंट, बायोडेटात हेच लिहायचं. पण मॅप रस्ता बंद दाखवतोय, पानवाला पण हात करून सांगतोय पुढे खोदलंय, तरी गाडी त्याच गल्लीत घालणारे आमचे भावोजी (म्हणजे भाचीचे बाबाच) हे अस्सल ऑब्स्टिनेट.

उच्चार मात्र बघा. आपण सगळे 'नेट' म्हणतो, पण शेवट हलका 'नट' सारखा करायचा आणि जोर पहिल्या 'ऑब्' वर. नाम ऑब्स्टिनसी. वाक्यात असं येतं, 'ही ऑब्स्टिनटली रिफ्यूज्ड टु अपॉलजाइज', म्हणजे काही केल्या माफी मागेना.

रोजच्या बोलण्यात मात्र स्टबर्नच जास्त चालतो, तो जरा मऊ आहे, लाडाने पण म्हणता येतो, आणि वस्तूंना तर सर्रास लावतात, पांढऱ्या शर्टावरचा हळदीचा डाग तीन धुण्यांत पण जात नाही तो स्टबर्न स्टेन. जॉन अ‍ॅडम्स, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, ते 1770 मध्ये बॉस्टनच्या कोर्टात ब्रिटिश सैनिकांची बाजू मांडताना म्हणाले होते 'फॅक्ट्स आर स्टबर्न थिंग्ज', म्हणजे तुम्हाला आवडो न आवडो वस्तुस्थिती काही हलत नाही. म्युलिश म्हणजे खेचरासारखा अडून बसणारा, आणि पिग-हेडेड तर जवळजवळ शिवीच, ऑफिसच्या मेलमध्ये चुकूनही नको.

कुठला शब्द कुणाला लावायचा हे ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने 1948 मध्ये बीबीसी रेडिओवर एका ओळीत उरकलं होतं, मी ठाम आहे, तू ऑब्स्टिनेट आहेस, तो पिग-हेडेड मूर्ख आहे. गुण एकच, फक्त कोण कुणाबद्दल बोलतंय ते बदललं. म्हणून तर स्वतःला ऑब्स्टिनेट म्हणवून घ्यायचं नसतं.

अजून एक, 'हट्ट धरला' आलं की लगेच ऑब्स्टिनेट ठोकू नका. पोराने सायकलचा हट्ट धरला तर 'ही केप्ट आस्किंग फॉर अ सायकल' एवढं पुरे, आणि आजीने तो पुरवला तर 'शी गेव्ह इन'.