केशरी कार्डावर धान्य हवंय? आधी इष्टांक विचारा

तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान. तालुका मराठवाड्यातला, त्यामुळे रोज कुणी ना कुणी कार्ड काउंटरवर आपटतं: "भाऊ, माझंही केशरी, शेजाऱ्याचंही केशरी. त्याला गहू, मला का नाही?"

रंग सोडा, शिक्का बघा. ‘प्राधान्य कुटुंब’ असेल तर माणशी 5 किलो, ‘अंत्योदय’ असेल तर घरटी 35 किलो. जानेवारी 2023 पासून दोन्ही मोफत. केशरी कार्ड 15 हजार ते 1 लाख उत्पन्नावर निघतं, पण प्राधान्यात यायला ग्रामीण भागात वर्षाचं उत्पन्न 44 हजारांच्या आत लागतं, शहरात 59 हजारांच्या. 44 हजार म्हणजे महिन्याला पावणेचार हजारसुद्धा नाहीत. रोजंदारीवर जाणारं जोडपंही त्याच्या वर जाऊ शकतं!

उत्पन्नाचा दाखला, घरातल्या सगळ्यांचे आधार, कार्डाची झेरॉक्स लावून पुरवठा शाखेत अर्ज द्या. अर्जाच्या दोन प्रती काढा (माझा धंदा म्हणून नाही सांगत). दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मागच्या उन्हाळ्यात एक आजी तिसऱ्यांदा अर्ज लिहून घ्यायला आल्या. आधीचे दोन कुठे गेले कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आजींकडे पोच नव्हती.

मग उत्तर येतं, "इष्टांक संपला." इथे बहुतेक जण परत फिरतात. इष्टांक म्हणजे किती माणसांना धान्य द्यायचं याचा ठरलेला आकडा. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण 76.32 टक्के आणि शहरी 45.34 टक्के लोकसंख्या आली, एकूण 7 कोटींच्या थोडं वर. मोजणी 2011 च्या जनगणनेची. 2021 ची जनगणना झालीच नाही. लेकरं जन्मली, घरं वेगळी झाली, आकडा तिथेच. गरीब किती हे दिल्लीत आधी ठरलं आणि नावं बसवायचं काम तालुक्यावर आलं. त्यामुळे एक नाव गळल्याशिवाय दुसरं चढत नाही. याच काउंटरवर दोन सख्ख्या जावा एकमेकींची नावं कापा म्हणून भांडल्यात. दोघींच्या घरी कोरडवाहू दीड-दीड एकर.

म्हणून तोंडी उत्तर घेऊ नका. तालुक्याचा इष्टांक किती, भरला किती, हे माहिती अधिकारात लेखी मागा. गावातल्या लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत वाचायला लावा. मयत, सासरी गेलेल्या मुली, दोनदा चढलेली नावं तिथेच सापडतात. दाद लागली नाही तर 1967 या फोन क्रमांकावर तक्रार करा, तक्रारीचा क्रमांक अर्जाच्या प्रतीवर लिहून ठेवा.

प्राधान्यात नसलेल्या पण सातबारा असलेल्या केशरीवाल्यांना मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत आधी स्वस्त धान्य मिळायचं. 2023 पासून त्याऐवजी खात्यात पैसे येतात, सुरुवातीला महिन्याला माणशी 150 रुपये. खातं घरातल्या बाईच्या नावाचं आणि आधार जोडलेलं लागतं. पासबुक भरून आणा, मग बोलू.

आणि अंत्योदय हवंच म्हणून हट्ट धरण्याआधी घरातली डोकी मोजा. एकट्या म्हातारीला 35 किलो म्हणजे आधार. आठ माणसांच्या घराला प्राधान्यात 40 मिळतात.