नवं एअर पिस्तूल घेतल्यावर रेंजवर आधी काय कराल?

क्लबच्या पिस्तुलावर शिकताना एक सोय असते: शॉट वाकडा गेला की पिस्तुलाला नावं ठेवता येतात. स्वतःचं दहा मीटरचं एअर पिस्तूल घेतलं आणि माझी ती सोय बंद झाली.

पहिल्या दिवशी पेलेटचा, म्हणजे छोट्या छऱ्यांचा, डबा उघडूच नका, असं मी नवीन मुलांना सांगतो. आधी ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची लाकडी मूठ. ती स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापांत येते आणि आपला हात नेमका दोन मापांच्या मधला निघतो. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा, टार्गेटकडे उभे राहा, डोळे मिटून हात वर आणा आणि मग डोळे उघडा. फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट, मागच्या साइटच्या खाचेच्या मधोमध दिसली तर उत्तम. दर वेळी एकाच बाजूला झुकत असेल तर मनगट वळवून ती मध्ये ओढू नका, ग्रिपचा कोन बदला. माझ्या अंगठ्याच्या मुळाशी लाकूड रुतायचं. तिथे पॉलिश पेपर मारला आणि तळहाताच्या पोकळीत एम-सील भरलं. इतक्या महागड्या वस्तूला मी पॉलिश पेपर लावतोय हे पाहून घरी जे ऐकावं लागलं ते सोडा! घासताना मात्र हात राखून घासा. भरलेलं एम-सील खरवडता येतं, गेलेलं लाकूड गेलंच.

मग ट्रिगर. स्पर्धेच्या नियमाने त्याचं वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, किमान 500 ग्रॅम हवं. तपासणीत तेवढं वजन ट्रिगरला अडकवून पिस्तूल उचलतात. ट्रिगर सुटला तर पिस्तूल नापास. म्हणून काठावर न ठेवता थोडं जास्तच ठेवलेलं बरं. ड्राय फायर करताना, म्हणजे पेलेट न भरता नुसता ट्रिगर ओढताना, नजर फ्रंट साइटवर ठेवा. ट्रिगर सुटताना ती हलली, तर चूक बोटाची आहे.

आता पेलेट. दहाचं वर्तुळ जेमतेम 11.5 मिलिमीटरचं, म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. त्याच्या मागे लागू नका. सुरुवातीला स्कोअरचा स्क्रीन बंद करता आला तर बंदच करा, नंतर ग्रुप, म्हणजे शॉटचा पुंजका, बघा. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचे शॉट खाली डावीकडे सांडत असतील तर बहुतेक वेळा ट्रिगर झटक्याने ओढला जातोय. अशा वेळी साइटचे स्क्रू फिरवाल तर चुकीच्या बोटाला बरोबर साइट मिळेल, दुसरं काही नाही. ग्रुप घट्ट असून एका बाजूला पडतोय, तेव्हाच साइटचा स्क्रू एकेक क्लिक फिरवा.

या पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही, तरी बिल केसमध्येच ठेवा. लेनवर पिस्तूल टेबलावर ठेवलं की नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे पिस्तूल रिकामं असल्याची खूण, हवाच. यात कुणी सूट देत नाही आणि देऊही नये. सेकंडहँड घेणार असाल तर दिसण्यावर भुलू नका, आधी दाबाखालच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि नवा घ्यायचा म्हटलं तर वाचवलेले पैसे त्यातच जातात.