कामगाराला कामावरून काढताना या चुका टाळा

कामगार न्यायालयात मालकांची बाजू मांडणं हे माझं रोजचं काम. वाईट याचं वाटतं की बहुतेक फायली माझ्याकडे येतात त्या सगळं करून बसल्यावर.

सगळ्यात महाग पडतं ते तोंडी ‘उद्यापासून येऊ नकोस’. एका कारखान्यात गेटवरच्या झडतीत हेल्परच्या पिशवीत तांब्याची तार सापडली. मॅनेजर तापले आणि त्यांनी त्याला तिथूनच घालवलं. ना पंचनामा, ना आरोपपत्र, ना निलंबनाचं पत्र. दोन महिन्यांनी त्याचं डिमांड लेटर, म्हणजे कामावर परत घेण्याची लेखी मागणी, आलं, तेव्हा ऑफिसात कुणीतरी सुचवलं, ‘तो स्वतःच यायचा बंद झाला असं लिहू.’ तसं उत्तर गेलं, कोर्टातलं लेखी उत्तर, म्हणजे कैफियत, तीही तशीच दाखल झाली आणि मग फाइल माझ्या हातात आली. कामगाराच्या वकिलांनी गेट रजिस्टर मागवलं. लागोपाठ तीन दिवस त्याचं नाव, वेळ सकाळी ७.५०, आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘साहेबांची ऑर्डर, आत सोडू नये’. तारेचा विषय निघालाच नाही, कारण कैफियतीत तो नव्हताच. कामावर परत घ्या आणि मागचा पगार द्या, असा निकाल लागला. बेकायदा काढलं असेल तर मागच्या पगारासह परत घेणं हाच सर्वसाधारण नियम, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलं आहे.

त्या दिवशी निलंबनाचं चार ओळींचं पत्र दिलं असतं तरी पुरलं असतं.

दुसरी चूक कंपनीने करायच्या अंतर्गत चौकशीतली. ज्याने पकडलं तोच चौकशी अधिकारी, तोच साक्षीदार. मी शक्यतो कंपनीबाहेरचा माणूस नेमायला लावते. आरोपपत्रात तारीख, वेळ, जागा हवीच. नेटवरून उतरवलेलं ‘आपण गंभीर गैरवर्तन केले आहे’ हे वाक्य कुणाच्याही उपयोगाचं नाही. कामगाराला उलटतपासणी करू द्या. रोजच्या कामकाजाच्या प्रत्येक पानावर त्याची सही घ्या, नाकारली तर तसा शेरा मारा. ‘एका बैठकीत उरकून टाका’ म्हणणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते. घाईत उरकलेली चौकशी कोर्टात पहिल्याच मुद्द्यावर कोसळते.

तशी ती कोसळली, तरी मालकाला न्यायालयात पुरावा देऊन आरोप सिद्ध करता येतो. पण ती परवानगी लेखी कैफियतीतच मागायची असते; सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ मध्ये हे स्पष्ट केलं. चौकशी कितीही चोख असली तरी तो परिच्छेद मी घालतेच. नवे वकील नेमकं हेच विसरतात.

निलंबन भत्ता रोखू नका: पहिले ९० दिवस निम्मा पगार, पुढे विलंब कामगारामुळे नसेल तर ७५ टक्के. भत्ता न दिल्याने चौकशी रद्द झालेली मी पाहिली आहे.

केबिनमध्ये बसवून राजीनामा लिहून घेऊ नका.

कामगारकपातीत वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. हे पैसे काढतानाच हातात पडले पाहिजेत, ‘हिशेबात देऊ’ चालत नाही.

आणि कामगाराला पाठवलेलं स्पीड पोस्टचं पाकीट परत आलं तर फोडू नका. पोस्टमनच्या शेऱ्यासकट तसंच फायलीला लावा, ते मी साक्षीच्या वेळी न्यायाधीशांसमोर उघडते.