गडद निळा की फिकट क्रीम? भिंतीचा रंग ठरवताना या चुका टाळा

गडद निळाही आवडलाय, क्रीमही आवडलाय, आणि घरात दोन तट पडलेत. अशा वेळी भिंतीवर दोघांचे पट्टे शेजारी-शेजारी मारून लांबून निरखत बसण्याआधी एक गोष्ट ठरवा. दोघांतला एकच लावायचाय, की एकाच खोलीत दोन्ही?

एकच लावायचा असेल, तर पट्टे चिकटून मारणं ही सगळ्यात मोठी चूक. निळ्याला खेटून असलेला क्रीम आहे त्यापेक्षा उजळ आणि पिवळट वाटतो, निळा उगाचच जास्त गडद. डोळ्यांची ही खोड जुनीच आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांच्याकडे विणकामातला काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा दोष रंगाईचा नसून शेजारच्या रंगांचा असल्याचं त्यांना आढळलं. १८३९ साली त्यांनी या विषयावर अख्खा ग्रंथ लिहिला.

म्हणून दोन मोठे पुठ्ठे घ्या, चारी बाजूंनी पांढरी कड सोडून प्रत्येकावर दोन हात मारा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या रंगावरून काहीच ठरवू नका. इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग, वाळल्यावर बहुधा थोडा गडद होतो. मग एका वेळी एकच पुठ्ठा खिडकीजवळ, समोरच्या भिंतीवर, अंधाऱ्या कोपऱ्यात उभा करून बघा. भिंतीवर थेट पॅच मारला, तर आजूबाजूचा जुना रंग मध्ये लुडबुड करतो.

दोन्ही लावायचे असतील तर नेमकं उलटं करा: पुठ्ठे कोपऱ्यात काटकोनात जोडून ठेवा. निळ्यावरून परावर्तित झालेला उजेड क्रीमवर पडतो आणि तो कोपऱ्यात मळकट दिसू शकतो. शेडकार्डवर हे कधीच कळत नाही, मोबाइलच्या स्क्रीनवर तर नाहीच.

दुसरी चूक म्हणजे दुपारच्या उजेडात निर्णय घेणं. खोली संध्याकाळी वापरात असेल, तर संध्याकाळचं मत जास्त धरा. २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली क्रीम आणखी पिवळा होतो आणि निळा मरगळतो. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्यात निळा खुलतो, क्रीमची ऊब जाते. त्यामुळे रंग लावून झाल्यावर क्रीम फारच पिवळा वाटला, तर पेंटरला फोन करण्याआधी बल्ब बदलून बघा.

एक मॅट (बिनचमकीचा) आणि दुसरा सॅटिन (हलक्या चमकीचा), अशी तुलनाही फसवी. शिवाय चकाकीचा गडद रंग पुट्टीतले उंचवटे चव्हाट्यावर आणतो, विशेषतः खिडकीचा उजेड तिरपा पडत असेल तर.

काम झाल्यावरच्या दोन तक्रारी नेहमीच्या. निळा ढगाळ, म्हणजे कुठे गडद कुठे फिका दिसतो, कारण गडद छटांच्या बेसमध्ये (ज्यात छटा मिसळतात त्या मूळ रंगात) पांढरं रंगद्रव्य कमी असतं आणि तो खालचं नीट झाकत नाही. पांढऱ्याऐवजी करडा प्रायमर वापरला असता, तर हे बरंचसं टळलं असतं. आता आणखी एक हात मारणं आलं. तेही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, कारण मधलं ठिगळ दिसतंच.

दुसरी तक्रार, टेपखालून निळा क्रीमवर झिरपतो. टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी क्रीमचाच पातळ हात फिरवा. तो वाळला की मग निळा मारा, आणि निळा थोडा ओला असतानाच टेप तिरकी ओढून काढा.