नॉबवरचे १८० आणि ओव्हनमधले १८०

ओटीजीचा, म्हणजे घरगुती विजेच्या छोट्या ओव्हनचा, नॉब १८० अंशांवर ठेवला म्हणजे आत १८० अंश झालेच, असे गृहीत धरू नये. अनेक लहान ओटीजींमध्ये द्विधातूच्या पट्टीचा साधा थर्मोस्टॅट नॉबच्या मागे, बाजूच्या कप्प्यात असतो. त्याला कळते ती भिंतीजवळची उष्णता, जाळीवरची नव्हे. शिवाय थर्मोस्टॅट तापवणारे रॉड आलटून पालटून चालू-बंद करतो, त्यामुळे तापमान वर-खाली होतच राहते. हा दोष नाही. सरासरीच ठरलेल्या आकड्यापासून दूर असेल, तर मात्र नानकटाई एक तर करपते किंवा पांढुरकी राहते.

तपासणीसाठी ओव्हनमध्ये ठेवण्याचा गोल तबकडीचा तापमापक जाळीच्या मधोमध, काचेतून दिसेल असा ठेवावा, दोन्ही रॉड चालू करावेत आणि नॉब १८० वर आणावा. रॉड चालू असल्याचा दिवा विझला की ओव्हन तयार झाला असे समजण्याची घाई नको, कारण तेव्हा आतली हवा तापलेली असली तरी भिंती आणि जाळी पुरत्या तापलेल्या नसतात. आणखी पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्यावीत आणि त्यानंतर अर्धा तास, दार न उघडता, दर दोन-तीन मिनिटांनी आकडा लिहून घ्यावा. सर्वांत जास्त १७६ आणि सर्वांत कमी १५२ दिसले, तर मध्य १६४ येतो, म्हणजे ओव्हन १६ अंशांनी मागे आहे. हीच तपासणी १५० आणि २२० वरही करावी, कारण फरक सगळीकडे सारखाच असतो असे नाही.

तापमापकाचीही खात्री हवी. टोकदार सळईचा तापमापक बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो का ते पाहावे. तबकडीचा मात्र पाण्यात बुडवू नये. उकळत्या पाण्यात १०० ची अपेक्षा ठेवू नये, कारण सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच असल्याने येथे पाणी ९८ च्या आसपास उकळते आणि महाबळेश्वरात ९५-९६ लाच. हा तापमापकाचा दोष नाही.

जेथे संध्याकाळी विद्युतदाब उतरतो, तेथे तपासणी शक्यतो दुपारी करावी. रॉडची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब २३० वरून २०० व्होल्टवर आला की ती जवळजवळ पाव भागाने घटते आणि ओव्हन तापायला बराच वेळ घेतो.

दुरुस्तीचा सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे थर्मोस्टॅटला हात न लावता नॉबशेजारी चिकटपट्टीवर खरा आकडा लिहून ठेवणे: ‘१८० साठी १९५’. डिजिटल ओव्हनमध्ये हा फरक भरून काढण्याची सोय असल्यास ती पुस्तिकेत सापडते. काही थर्मोस्टॅटच्या दांड्यात बारीक स्क्रू असतो खरा, पण तो फिरवण्याचे काम प्लग काढून, जाणकार मेकॅनिकनेच करावे. फरक तीस अंशांहून अधिक असेल, तर आधी दार घट्ट बसते का आणि सगळे रॉड लाल होतात का ते पाहावे. तेथे सर्व ठीक असेल तर थर्मोस्टॅट बदलणेच बरे.

सरासरी बरोबर असूनही एकच बाजू करपत असल्यास जाळीभर पावाचे काप मांडून १८० वर भाजावेत. जेथे काप आधी तांबूस होतात तो कोपरा अधिक तापतो, आणि त्यावर उपाय एवढाच की निम्मा वेळ झाल्यावर ट्रे फिरवून ठेवावा.