प्रत्येक स्कॅनरची, प्रिंटरची, टॅबलेटची सेटिंग वेगळी कशी ठेवावी

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गोदामात हँडहेल्ड स्कॅनर, लेबल प्रिंटर आणि गाड्यांतले टॅबलेट माझ्या ताब्यात असतात. नवीन रुजू झालेली मुलं विचारतात, सगळ्यांना एकच सेटिंग का देत नाही? जिथवर चालते तिथवर द्यावीच. पण औषधांच्या कार्टनसमोरचा स्कॅनर आणि काणकोणला जाणाऱ्या गाडीतला टॅबलेट यांचं काम एक नाही.

काहीही बदलण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: उद्या हे यंत्र बिघडलं आणि त्याच्या जागी दुसरं आलं, तर त्यालाही हीच सेटिंग लागेल का? लागणार असेल तर ती कामाची सेटिंग. ती ‘डॉक’ (माल चढवण्या-उतरवण्याची जागा), ‘पिकिंग’ (ऑर्डरप्रमाणे माल काढणं), ‘शीतगृह’, ‘गाडी’ अशा गटावर ठेवा. लागणार नसेल तर ती यंत्राची, आणि तेवढीच सिरियल नंबरावर, म्हणजे त्या एका यंत्रापुरती, टाका. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) गर्दीत भाड्याने आणलेले स्कॅनर मग नुसते ‘पिकिंग’ गटात घातले की कामाला लागतात.

पिकिंगचंच उदाहरण घ्या. औषधाच्या कार्टनवर बॅच आणि एक्स्पायरीचा कोड असतो, शेजारी ट्रान्सपोर्टचं स्टिकर असतं. शिवाय १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. ट्रिगर दाबला की भलताच कोड उचलला जातो. म्हणून या गटात कोड १२८ (रेघांचा बारकोड) आणि डेटामॅट्रिक्स (ठिपक्यांचा चौकोनी कोड) एवढेच चालू ठेवा, बाकीचे बंद. झेब्रा कंपनीच्या हँडहेल्डवर हे डेटावेज या स्कॅनिंगच्या अ‍ॅपमध्ये होतं. आपल्या गोदामाच्या अ‍ॅपसाठी स्वतंत्र प्रोफाइल (सेटिंगचा संच) करा आणि त्यात ‘पिकलिस्ट’ चालू करा, म्हणजे निशाण्याच्या ठिपक्याखालचाच कोड वाचला जाईल. ‘प्रोफाइल शून्य’ला हात लावू नका, कारण ज्या अ‍ॅपना स्वतःचं प्रोफाइल नाही ती सगळी तेच वापरतात.

स्कॅननंतरचा ‘एंटर’ही तपासा. तो स्कॅनरने द्यावा किंवा अ‍ॅपने, दोघांनी नाही. दोघांनी दिला तर पुढची ओळ आपोआप कन्फर्म होऊ शकते आणि स्टॉकचा फरक संध्याकाळी शोधत बसावं लागतं.

प्रिंटरचं उलट आहे, तिथे बरंच काही यंत्राचंच असतं. २०३ डीपीआयच्या, म्हणजे इंचाला २०३ ठिपके छापणाऱ्या, प्रिंटरला एका मिलिमीटरमध्ये ८ ठिपके, ३०० डीपीआयच्याला जवळपास १२. पहिल्यासाठी ठिपक्यांत आखलेलं लेबल दुसऱ्यावर पाठवलं तर ते दोन तृतीयांश आकाराचं येतं. त्यामुळे टेम्पलेट प्रिंटरप्रमाणे बांधा. डार्कनेस, म्हणजे छपाईचा गडदपणा, हेड आणि रिबन बघून एकेक पायरी वाढवा. फार वाढवला तर बारीक रेघा एकमेकींत मिसळतात. पावसाळ्यात छपाई फिकी आली तर आधी रोल बदलून बघा, दमट कागदासाठी डार्कनेस चढवू नका.

शीतगृहात टचस्क्रीन हातमोज्यांच्या मोडवर ठेवा, एवढं पुरे.

गाड्यांकडे मात्र नीट लक्ष द्या. अनमोड घाटात, करमल घाटात नेटवर्क जातं, तेव्हा टॅबलेटने नोंदी स्वतःकडे साठवून नंतर पाठवायला हव्यात. नोंदीवरची वेळ स्कॅन केल्याची असावी, सर्व्हरला पोचल्याची नाही. रो-रोने येणारे ट्रक तर वेगळ्याच गटात घाला. कोकण रेल्वे १९९९ पासून कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रक वॅगनवर चढवून आणते. त्या प्रवासात ट्रकचं इंजिन बंद असतं, पण माल पुढे सरकत असतो. ‘इग्निशन बंद तर क्वचित कळव’ ही नेहमीची सेटिंग ठेवली तर ट्रक कोलाडलाच उभा दिसतो आणि इथे डॉक रिकामा ठेवायचा की नाही ते ठरत नाही. या गटात हालचालीवरून लोकेशन कळवायची सेटिंग चालू करा.

बदल आधी एकाच यंत्रावर करा आणि एक पूर्ण शिफ्ट जाऊ द्या. जुनं कॉन्फिगरेशन एक्स्पोर्ट करून ठेवा. सिरियल नंबरावर टाकलेल्या प्रत्येक सेटिंगपुढे कारण आणि तारीख लिहा. महिन्यातून एकदा ती यादी डॉक सुपरवायझरसोबत वाचा, आणि ज्या सेटिंगचं कारण दोघांनाही सांगता येत नाही ती काढून यंत्र परत गटाच्या सेटिंगवर आणा.